करकरीत सफरचंदाचा हिशेब

'करकरीत' हा शब्द आम्ही बँकेतील मंडळी बहुधा नव्या नोटांसाठी राखून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास काउंटरवर येणारे ग्राहक 'साहेब, ओवाळणीसाठी करकरीत नोटा हव्यात' असे हक्काने सांगतात आणि पुडक्यातून निघालेली कोरी नोट हातात पडताच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. या शब्दाचा दुसरा अर्थ मला समजला तो माझ्या गावापासून फार दूर, हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात. बदलीच्या आदेशाने मी तेथे पोहोचलो तेव्हा माझ्याजवळ वाणिज्य शाखेची पदवी होती, कर्जविभागाचा थोडाफार अनुभव होता. सफरचंदाविषयी मात्र ते गोड असते यापलीकडे काहीही ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाची किंमत काय असते हेही तेथेच कळले. फळाची ओळख, त्याचे पोषणमूल्य आणि त्याची योग्य साठवण यांविषयी प्रस्तुत लेखात लिहिताना ती हकीकत टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

आजारपणातले फळ

आमच्या लहानपणी सफरचंद घरात येई ते कोणी आजारी असले तरच. रुग्णालयात भेटीस जाताना पिशवीत मोसंबी आणि सफरचंदे असणे हा जणू शिष्टाचारच होता. रुग्णाला त्यातील दोन फोडी मिळत आणि उरलेल्यांवर आम्हा भावंडांचा डोळा असे. परंतु दाताखाली येणारा तो गर पुष्कळदा रवाळ, पिठूळ असे. सफरचंद असेच असते, अशी माझी वयाची तीस वर्षे समजूत होती.

हिमाचलात रुजू झालो तो ऑगस्टचा महिना होता. पहिल्याच आठवड्यात कर्जाच्या तपासणीसाठी एका बागेत गेलो असता तेथील वृद्ध बागायतदाराने झाडावरचे फळ तोडले, बाहीला पुसले आणि माझ्या हाती ठेवले. पहिला घास घेतला तेव्हा 'करक्' असा स्पष्ट आवाज झाला आणि रस हनुवटीपर्यंत ओघळला. ते गृहस्थ हसून म्हणाले, "मॅनेजर साहब, सेब पहले कान से खाया जाता है।" मी शाखाधिकारी नव्हतो, साधा अधिकारी होतो, पण डोंगरात बँकेचा प्रत्येक माणूस 'मॅनेजर साहब'च असतो.

आयोवाहून कोटगढला

ते फळ होते 'रॉयल डिलिशियस'. हिमाचलच्या बागांत आजही या डिलिशियस कुळाचेच प्राबल्य आहे आणि त्याचा प्रवास मोठा रंजक आहे. सफरचंदाचे मूळ स्थान मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या परिसरात, आजच्या कझाकस्तानच्या बाजूस, मानले जाते. डिलिशियस हे वाण मात्र अमेरिकेतले. आयोवा राज्यातील पेरू या गावी जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप आपोआप उगवले. रांगेबाहेर आले म्हणून त्याने ते छाटून टाकले. ते पुन्हा फुटले. अखेर त्याने त्याला वाढू दिले, अशी कथा सांगतात. त्या झाडाच्या फळांना त्याने 'हॉकआय' असे नाव दिले. १८९३ मध्ये मिसूरी राज्यातील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने भरविलेल्या स्पर्धेत हे फळ पहिले आले. पुढे त्या रोपवाटिकेने त्याचे हक्क विकत घेतले आणि 'डिलिशियस' या नावाने ते जगभर पोहोचविले.

हे वाण हिमाचलात आणण्याचे श्रेय सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांना दिले जाते. फिलाडेल्फियातील सधन घराण्यातला हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आला, सबाथू येथे काम करू लागला आणि पुढे कोटगढ परिसरात कायमचा स्थायिक झाला. १९१२ मध्ये त्याने तेथील स्थानिक मुलीशी विवाह केला. कुल्लूच्या खोऱ्यात ब्रिटिशांनी त्याआधीच सफरचंदे लावली होती. परंतु ती जुनी वाणे आंबटसर असल्याने भारतीय जिभेला विशेष रुचली नव्हती. १९१६ मध्ये स्टोक्स यांनी डिलिशियसची रोपे अमेरिकेतून मागवून थानेदारजवळ बारोबाग येथे लावली आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही लागवडीस उद्युक्त केले. पहाडी लोकांवर लादल्या जाणाऱ्या बेगारीविरुद्ध त्यांनी लढा दिला, १९२१ मध्ये असहकाराच्या चळवळीत तुरुंगवास पत्करला आणि १९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून ते सत्यानंद स्टोक्स झाले. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. मका, गहू आणि बटाट्यावर कशीबशी गुजराण करणाऱ्या त्या टेकड्यांवर आज दिसणारी पक्की घरे, शाळा आणि आमच्यासारख्या बँकांच्या शाखा यांच्या मुळाशी ते झाड आहे.

सफरचंदाच्या उत्पादनात जम्मू-काश्मीरचा क्रमांक देशात पहिला आणि हिमाचलचा दुसरा लागतो. डिलिशियसला हिवाळ्यात सुमारे हजार ते बाराशे तास सात अंशांखालील थंडी लागते, त्याशिवाय झाड नीट फुलत नाही. म्हणूनच हे फळ उंच डोंगरांतले. बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी 'एचआरएमएन-९९' हे कमी थंडीत येणारे वाण विकसित केले आणि त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी त्याची लागवड करून पाहिली आहे.

करकरीतपणा म्हणजे काय?

सफरचंदाच्या गरात सुमारे ८५ टक्के पाणी असते. हे पाणी असंख्य सूक्ष्म पेशींत ताठ भरलेले असते आणि 'पेक्टिन' नावाचा नैसर्गिक चिकट पदार्थ त्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवतो. ताजे फळ चावले की पेशी फुटतात, आवाज होतो आणि रस जिभेवर येतो. फळ जुने होऊ लागले की पेक्टिन विरघळू लागते, पेशींमधील बंध सैल होतात. आता चावल्यावर पेशी फुटत नाहीत, नुसत्या एकमेकींपासून सुटतात. रस आतच राहतो आणि तोंडात पिठासारखे कण लागतात. पिठूळ सफरचंद कोरडे वाटते ते पाणी संपले म्हणून नव्हे, तर ते पाणी बाहेर येत नाही म्हणून.

या बदलामागे 'इथिलिन' नावाचा वायू असतो. तो फळ स्वतःच तयार करते. झाडावरून तोडल्यानंतरही फळ श्वास घेत असते, इथिलिन सोडत असते आणि त्याच वायूने अधिक वेगाने पिकत असते. थंडीत हा श्वास मंदावतो. म्हणून शीतगृहात सफरचंद शून्य ते एक अंश तापमानात आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. 'नियंत्रित वातावरण' असलेल्या आधुनिक शीतगृहात याही पुढे जाऊन हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून एक ते तीन टक्क्यांपर्यंत खाली आणतात आणि दालन सीलबंद करतात. फळ जणू गाढ झोपी जाते. सप्टेंबरात तोडलेले सफरचंद पुढच्या मे महिन्यात आपल्याला करकरीत मिळू शकते ते यामुळेच.

येथे एक मर्म आहे आणि ते मला उशिरा उमगले. शीतगृह फळाला झोपवू शकते, त्याचे वय कमी करू शकत नाही. जे फळ आत जातानाच थकलेले असते, ते बाहेर येताना ताजे होऊन येत नाही.

माझ्या हिशेबातील चूक

माझ्या नेमणुकीच्या दुसऱ्या वर्षी हंगाम मोठा आला आणि सप्टेंबरच्या मध्यास मंडीतले भाव कोसळले. ज्यांनी मला पहिले फळ खाऊ घातले होते ते बागायतदार शाखेत आले. सुमारे तीनशे पेट्यांचा माल त्यांच्याकडे शिल्लक होता. मिळेल त्या भावाने तो विकून मोकळे व्हावे असा त्यांचा विचार होता. मी संगणकावर तक्ता मांडला. मागील काही वर्षांचे मार्च महिन्याचे भाव, शीतगृहाचे भाडे, मालाच्या पावतीवर मिळणारे तारणकर्ज, त्यावरील व्याज, असा सारा हिशेब करून मी त्यांना दाखविले की सहा महिने थांबल्यास भाडे आणि व्याज वजा जाताही त्यांच्या हाती चांगली रक्कम उरते. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहब, हिसाब तो ठीक है। एक बार फल से भी पूछ लेते।"

मी ते बोलणे हसण्यावारी नेले. पावतीवर कर्ज मंजूर झाले आणि माल शीतगृहात गेला.

फळाला विचारले असते तर त्याने बरेच काही सांगितले असते. त्या वर्षी ऑगस्टभर आकाश ढगाळ होते. फळाला रंग चढेना म्हणून त्यांनी तोडणी दहा-बारा दिवस लांबविली होती. त्यानंतर दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि तोडलेला माल सहा दिवस शेडमध्येच पडून राहिला. थंडीविना गेलेला एक-एक दिवस शीतगृहातील कित्येक दिवसांचे आयुष्य खातो, हे मला माहीत नव्हते. त्या शीतगृहात जागा भाड्याने मिळत असे. फळाची परीक्षा करून घेणे ज्याचे त्याने पाहावयाचे होते. ती कोणी केली नाही. मी तर पावतीवरील वजन आणि प्रत एवढेच पाहिले.

मार्चमध्ये दालन उघडले. फळे लालभडक, चकचकीत होती. व्यापाऱ्याने एक फळ उचलले, अंगठ्याने हलकेच दाबले आणि काही न बोलता खाली ठेवले. दुसरे कापले, गर पिठूळ झाला होता, काहींच्या गाभ्याभोवती तपकिरी छटा होती. भाव अपेक्षेच्या निम्म्याहून कमी मिळाला. बँकेचे कर्ज व्याजासह फिटले, शीतगृहाचे भाडे दिले गेले. आमच्या खातेवहीच्या दृष्टीने तो व्यवहार निर्दोष होता. त्या गृहस्थांच्या हाती मात्र जवळपास काहीच उरले नाही. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे शुल्क भरावयाचे होते. त्यासाठी त्यांनी मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली आणि तो अर्ज माझ्याच टेबलावरून मंजूर झाला. सही करताना मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "आपने तो भला ही सोचा था।" हे वाक्य मला कोणत्याही रागावण्यापेक्षा अधिक लागले.

रंगाचा मोह

ही चूक केवळ माझी एकट्याची नाही, हे पुढे वाचनातून कळले. ज्या अमेरिकेत डिलिशियस जन्मले, तेथे अधिकाधिक लाल रंगाच्या उपजाती निवडण्याचा सपाटा लागला. रंग वाढत गेला, साल जाड झाली, चव आणि करकरीतपणा मागे पडला. परिणामी ग्राहकांनी पाठ फिरविली आणि दीर्घकाळ अग्रस्थानी राहिलेले हे वाण २०१८ मध्ये उत्पादनात 'गाला' या वाणाच्या मागे गेले. आपल्याकडेही लवकर भाव मिळावा म्हणून रंग आणणारी इथेफॉनसारखी रसायने फवारण्याचा मोह काही जणांना होतो. हे रसायन फळात इथिलिनच निर्माण करते. रंग येतो, पण फळाचे म्हातारपणही त्याबरोबर येते.

त्यामुळे ग्राहकाने लाल रंगावर भाळू नये. फळ हातात घ्यावे. आकाराच्या मानाने ते जड लागले पाहिजे. साल घट्ट हवी, सुरकुतलेली नको. अंगठ्याने हलके दाबल्यास ते दबता कामा नये. देठ शाबूत असावा. लाल रंगाच्या आडून दिसणारा मूळ रंग पाहावा: तो हिरवट-पांढुरका असेल तर फळ ताजे, फार पिवळा पडला असेल तर ते उतरणीला लागलेले समजावे. वाण कोणतेही असो, हे निकष बहुतेक सर्व लाल सफरचंदांना लागू पडतात.

पोषणाचा ताळेबंद

सफरचंदाभोवती औषधी गुणांचे वलय मोठे आहे. ताळेबंद मांडला तर चित्र असे दिसते. सालीसकट १०० ग्रॅम सफरचंदातून सुमारे ५२ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यात कर्बोदके सुमारे १४ ग्रॅम असून पैकी साखर १० ग्रॅमच्या आसपास असते. तंतू सुमारे २.४ ग्रॅम, पोटॅशियम सुमारे १०७ मिलिग्रॅम. स्निग्धांश आणि सोडियम नाममात्र. जीवनसत्त्व 'क' मात्र जेमतेम ४ ते ५ मिलिग्रॅम. याच बाबतीत आपला पेरू २०० मिलिग्रॅमच्याही पुढे जातो! तेव्हा जीवनसत्त्वासाठी महागडे सफरचंदच हवे असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

सफरचंदाची खरी जमा बाजू आहे ती तंतूंची. त्यातील पेक्टिन पाण्यात विरघळणारा तंतू असून तो पचन संथ ठेवतो, त्यामुळे रक्तातील साखर एकदम चढत नाही आणि पोट भरल्याची भावना टिकते. सालीत तंतूंबरोबरच क्वेर्सेटिन आणि अँथोसायनिन ही उपयुक्त द्रव्ये असतात. साल काढली की तंतूंचा मोठा वाटा कचऱ्यात जातो. रस काढला तर तंतू बहुतांशी जातात आणि साखर तेवढी उरते. म्हणून फळ स्वच्छ धुऊन, सालीसकट, चावून खावे हेच उत्तम. मधुमेही व्यक्तींनी प्रमाणाबाबत आपल्या वैद्यांचा सल्ला घ्यावा.

सालीवरील चकाकीविषयी अनेक ग्राहक विचारतात. सफरचंदाच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतोच. त्याखेरीज मधमाश्यांचे मेण, कार्नोबा मेण किंवा लाख यांचा लेप देण्यास भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार अनुमती आहे. मात्र तसे लेबलवर नमूद करणे बंधनकारक आहे. कोमट पाण्याने चोळून धुतल्यास शंका राहत नाही.

घरातील साठवण

पहिल्या हंगामात मी हौसेने एक पेटी गावी आईकडे पाठविली होती. तिने ती स्वयंपाकघरात, केळी आणि चिकूंच्या टोपलीशेजारी ठेवली. आठवड्याभरात केळी काळी पडली, चिकू मऊ झाले आणि सफरचंदेही पिठूळ झाली. आईने दूरध्वनीवर विचारले, "काय रे, तुझी सफरचंदे आमच्या बाजारातल्यासारखीच की!" दोष फळाचा नव्हता, सूचना न देणाऱ्या मुलाचा होता. त्या सूचना अशा:

१. सफरचंद फळांच्या परडीत शोभेसाठी ठेवू नये. खोलीच्या उष्णतेत ते थंडीतल्यापेक्षा कित्येक पटींनी वेगाने मऊ होते. ते थेट शीतकपाटाच्या भाज्यांच्या खणात ठेवावे.

२. भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास ओलावा टिकतो आणि साल सुरकुतत नाही. अशा रीतीने चांगले फळ तीन-चार आठवडे सहज टिकते.

३. केळी, चिकू आणि पालेभाज्यांपासून ते वेगळे ठेवावे. सफरचंदाच्या इथिलिनने गाजरेही कडवट होतात. उलट, कच्ची केळी किंवा चिकू लवकर पिकवायचे असतील तर त्यांच्याबरोबर एक सफरचंद ठेवण्याची युक्ती अवश्य करावी.

४. फळे खाण्यापूर्वी धुवावीत, ठेवण्यापूर्वी नव्हे. ओलसर फळाला बुरशी लवकर लागते.

५. आठवड्यातून एकदा फळे तपासावीत. डागाळलेले, ठेचलेले फळ आधी खाऊन संपवावे. एक नासके फळ शेजारच्यांना नासवते, हे शब्दशः खरे आहे.

६. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. पेशींतील पाणी गोठून त्या फुटतात आणि फळ लगदा होते.

७. कापलेल्या फोडी हवेने तपकिरी पडतात. किंचित मिठाच्या किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवून काढल्यास मुलांच्या डब्यातील फोडी पांढऱ्या राहतात.

८. पिठूळ झालेले फळ टाकू नये. साखर, दालचिनी घालून शिजवावे अथवा त्याचा शिरा करावा. चव उत्तम लागते.

फळाला विचारून

पुढील हंगामात मी त्या बागायतदारांकडे तोडणीच्या आधी गेलो. सोबत उद्यानविद्येचा एक जाणकार नेला. त्याने फळात दाबमापक खुपसून कठीणपणा मोजला, रसाची गोडी मोजली आणि आडव्या कापलेल्या फोडीवर आयोडीनचे द्रावण लावले. कच्च्या फळातील पिष्ट आयोडीनने निळे-काळे होते. फळ पिकते तसे पिष्टाची साखर होऊन तो डाग कमी होत जातो. साठवणीचे फळ नेमके कधी तोडावे हे त्या डागावरून कळते. 'फल से पूछना' ते हेच, हे मी तेव्हा समजलो. वृद्ध गृहस्थ मात्र यंत्राकडे न पाहता फळ हलकेच वर वळवून देठ कसा सुटतो ते पाहत होते. दोघांचे निष्कर्ष सारखेच निघाले.

त्या वर्षी आम्ही सारा माल साठविला नाही. पहिल्या तोडणीचे टणक फळ तोडल्याच्या दिवशीच शीतगृहात गेले, तेही मालाच्या निम्मेच. उरलेले रंगलेले फळ लगेच विकले. पावतीवरचे कर्जही मी पूर्ण मर्यादेपर्यंत दिले नाही. नफा डोळे दिपविणारा झाला नाही. पण मोडलेली मुदत ठेव पुन्हा उभी राहिली.

मार्चच्या एका सकाळी ते शाखेत आले. कोटाच्या खिशातून सफरचंद काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि चाकू न मागता म्हणाले, "खाइए।" काउंटरसमोर ग्राहकांची रांग होती. मी चावा घेतला. तो आवाज रोखपालाच्या पिंजऱ्यापर्यंत गेला असावा, कारण नोटा मोजता मोजता आमच्या रोखपालाने मान वर करून पाहिले.

आता कर्जाचा तक्ता मांडताना मी आकड्यांच्या आधी एक रकाना मोकळा सोडतो. माल कोणत्या दिवशी तोडला, किती दिवस बाहेर राहिला आणि त्याची परीक्षा कोणी केली, हे त्यात लिहितो. आपणही, वाचकहो, पुढच्या वेळी सफरचंद घ्याल तेव्हा रंगाच्या आधी त्याचा टणकपणा पाहा, घरी नेऊन थंड जागी ठेवा आणि पहिला घास घेताना क्षणभर कान द्या.